धोबीतलाव-चिराबाजारातली बंद पडलेली दुकानं जुन्या फोटोंवरून कशी ओळखावीत? (सल्ला हवा, बजेट ३००० रु.)

टपालवाल्याचा नातू
नमस्कार मंडळी. माझे आजोबा काळबादेवी, धोबीतलाव, चिराबाजार भागात टपालाचा बटवडा करायचे. त्यांच्याकडे एक बॉक्स कॅमेरा होता आणि सुट्टीच्या दिवशी ते रोजच्या वाटेवरची दुकानं टिपायचे. चाळ रिकामी करताना पत्र्याच्या डब्यात २७ फोटो आणि १४ निगेटिव्ह सापडल्या. एकाच्याही मागे नाव नाही. त्यांना सगळं तोंडपाठ होतं, म्हणून लिहिलं नसावं.

दसऱ्याला आत्याला ८५ पूर्ण होतात. तोवर प्रत्येक फोटोखाली दुकानाचं नाव आणि अंदाजे साल लिहायचं आहे. नाव-साल कसं काढायचं आणि निगेटिव्ह कशा स्कॅन करायच्या, हे सांगा. सगळं मिळून ३००० रुपयांत बसवायचं आहे. चार फोटो टाकतोय:

फोटो ९ (निगेटिव्ह, लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यावर धरून मोबाइलनं काढली): कोपऱ्यावरचा इराणी (म्हणजे इराण्याचं चहाचं हॉटेल), दोन्ही रस्त्यांकडे उघडा. संगमरवरी टेबलं, काउंटरवर बरण्या. पाटीवर ताडपत्री आली आहे. दारात एक माणूस, खिशात पेन. पलीकडे टॅक्सी.
फोटो १४: अर्धवट पाटी, फक्त 'वाइन' वाचता येतं. मागे मेट्रो सिनेमा.
फोटो २३: छत्र्यांचं दुकान, रस्त्यात ट्रामचे रूळ. पाटीवर खाली 'मुंबई २'.
फोटो ३१: हॉटेलातला भावफलक, 'चहा १२ न. पै.'

मेट्रोसमोर
फोटो ९ कयानी. डोळे झाकून सांगतो. १९७८ पासून तिथं चहा पितोय, खुर्च्या ओळखतो मी.

ब्रून_कडक
खुर्च्या सगळ्या इराण्यांकडे तशाच होत्या हो. मला बस्तानी वाटतंय. कयानीच्या समोरचं, आता बंद झालेलं. लहानपणी बाबा रविवारी तिथूनच केक आणायचे. तसा केक पुन्हा मिळाला नाही.

मेट्रोसमोर
कयानी १९०४ पासून आहे. केकचं म्हणाल तर मावा केक कयानीचाच.

ब्रून_कडक
ग्रँट रोडला मेरवानकडे सकाळी रांगेत उभे राहिला आहात का कधी? मग बोलू.

सहाशे_डीपीआय
केकचं नंतर बघा. नातूसाहेब, एप्सनचा व्ही ६०० स्कॅनर घ्या. माझ्याकडे आहे, बॉक्स कॅमेऱ्याच्या मोठ्या निगेटिव्हसुद्धा सुरेख निघतात. व्ही ३९ घेऊ नका, त्यात निगेटिव्हची सोय नाही. एकदाच पैसे जातील, पण पुढच्या पिढ्यांना उपयोग होईल.

टपालवाल्याचा नातू
धन्यवाद, पण बजेट ३००० आहे. व्ही ६०० त्याच्या कितीतरी पट.

सहाशे_डीपीआय
मग सेकंडहँड बघा. पण घ्याच.

आजीचा_आल्बम
माझं ऐका आणि काही झालं तरी लॅमिनेशन करू नका. आम्ही आजीच्या लग्नाचे सहा फोटो 'टिकतील' म्हणून लॅमिनेट करून आणले. तीन वर्षांत आत बुडबुडे आले. प्लास्टिक सोडवताना आजीच्या चेहऱ्यावरचा थर निघून आला. तिचा तरुणपणीचा चेहरा नीट दिसणारा तेवढा एकच फोटो होता. काळ्या कागदावर चिकटवलेले असतील तर सोलूही नका, पानासकट फोटो काढा. आणि निगेटिव्ह कुठल्या लॅबला देताना मोजून, लिहून घेऊन द्या. आमच्या अकरा दिल्या, नऊ परत आल्या. अजून विचारते तर 'शोधतो' म्हणतात.

लोअरपरळ_लोकल
+१, लॅमिनेशन नको.

रूळ_आणि_तार
फोटो २३ सोपा आहे. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. रूळ दिसतात म्हणजे फोटो त्याआधीचा.

जुना_कंडक्टर
असं धरून चालू नका. बेस्टमध्ये आयुष्य गेलं माझं. ट्राम बंद झाली तरी रूळ लगेच उखडले नाहीत, पुष्कळ ठिकाणी नुसतं डांबर ओतलं. रस्ता खोदला की आजही निघतात. रूळ सोडा, डोक्यावरची तार बघा. ट्रामला एकच तार पुरते, कारण वीज रुळातून परत जाते. दोन तारा जोडीनं जाताना दिसल्या तर ती ट्रॉलीबस, १९६२ ते १९७१. तुमच्या फोटोत रूळ आहेत, पण मोठं करून पाहिलं तरी तार नाही. म्हणजे त्या रस्त्यावरची ट्राम बंद झाल्यानंतरचा असणार. मार्ग टप्प्याटप्प्यानं बंद झाले, त्यामुळे एकच साल सगळीकडे लावू नका. वडाळ्याच्या आणिक आगारात बेस्टचं संग्रहालय आहे, तिथं आत्याबाईंनाही घेऊन जा. ट्रामची घंटा अजून कानात असेल त्यांच्या.

रूळ_आणि_तार
तारेचं माहीत नव्हतं. काका, आभार.

पाटीवाचक
बाकीच्यांचं: पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. त्याआधी नुसतं 'मुंबई २', तेच पुढे ४००००२ झालं. पण पाटी रंगवायला पैसे लागतात, तेव्हा जुनी पाटी बरीच वर्षं राहते. फोटो ३१ मात्र पक्का सापडतो. 'नवे पैसे' १ एप्रिल १९५७ ला आले आणि १ जून १९६४ पासून 'नवे' गेलं, नुसते 'पैसे' राहिले. दूध-साखरेचे भाव हलले की हॉटेलवाला फलक बदलतोच, म्हणून पाटीपेक्षा फलकावर भरवसा ठेवा. गाडीचा नंबर 'एमएच'नं सुरू होत असेल तर १९८९ च्या मागे जाऊच नका.

रस्त्यांची नावंही दोन्ही शोधावी लागतील. कार्नॅक रोडचा लोकमान्य टिळक मार्ग झाला, प्रिन्सेस स्ट्रीटचा शामळदास गांधी मार्ग, क्वीन्स रोडचा महर्षी कर्वे मार्ग. नावांसाठी एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात टाइम्स ऑफ इंडियाच्या जुन्या वार्षिक डिरेक्टऱ्या मागा. काम होईल, फक्त दिवस मोडेल.

म्हापशेकार
फोटो १४ बघून राहवलं नाही. माझे आजोबा बोटीवर नोकरी मिळेपर्यंत धोबीतलावच्या कुडात राहिले. गावोगावच्या गोंयकारांचे कूड होते तिथे, एकेक पेटी आणि झोपायला चटई. आजूबाजूला दारूची दुकानं असणारच. मेट्रो १९३८ चा, आणि मुंबईचा दारूबंदी कायदा १९४९ चा. म्हणजे फोटो या दोन सालांच्या मधला.

पाटीवाचक
किंवा बंदी सैल झाल्यानंतरचा. मधल्या काळात लोक आंटीच्या चोरट्या दारूच्या अड्ड्यावर जायचे आणि अड्ड्याला पाटी नसायची. फोटोत माणसं असतील तर त्यांचे कपडे नीट बघायला हवेत.

मेट्रोसमोर
फोटो ९ कयानीच आहे हे पुन्हा सांगतो.

अंधारखोली
मी ३० वर्षं स्टुडिओत प्रिंट काढले. फोटो ९ उलटा आहे. दारातल्या माणसाचा खिसा बघा, पेन उजव्या छातीवर आलंय. शर्टाचा खिसा डावीकडे असतो. टॅक्सीचा ड्रायव्हरही डावीकडे बसलाय. नातूसाहेबांनी निगेटिव्ह उलट्या बाजूनं धरली. एक बाजू चकचकीत असते, एक मंद. चकचकीत बाजू कॅमेऱ्याकडे हवी. कडेचे आकडे सरळ वाचता आले की बाजू बरोबर. आता डावं-उजवं फिरवा आणि मग कोपरा ओळखा. सगळे वेगळाच कोपरा शोधताहेत.

स्कॅनर काही लागत नाही. पडदा आणि निगेटिव्ह यांच्यात दुधी प्लास्टिकचा तुकडा ठेवा, म्हणजे पडद्याचे ठिपके येणार नाहीत. मोबाइल हातात धरू नका, डब्यावर टेकवा.

ब्रून_कडक
फिरवून पाहिलं. बस्तानी नाही. मान्य.

सहाशे_डीपीआय
मोबाइलनं बारकावे येत नाहीत. नंतर पस्तावाल.

फेसबुकवाली
जुन्या मुंबईच्या ग्रुपवर सगळे ४१ टाका, तासाभरात नावं मिळतील.

आजीचा_आल्बम
आणि तासाभरात कुणीतरी स्वतःचं नाव छापून फिरवेल. आमचा एक तसाच फिरतोय.

टपालवाल्याचा नातू
मंडळी, झालं ते सांगतो. स्कॅनर घेतला नाही, लॅबला दिलं नाही, ग्रुपवरही टाकले नाहीत. एशियाटिकला जाणं अजून राहिलंय. अंधारखोली काकांनी सांगितलं तसे मोबाइलनं काढले, कोपऱ्यावरच्या स्टुडिओतून मोठे प्रिंट केले, ७४० रुपये लागले. उरलेल्या पैशांत टॅक्सी केली आणि परवा सकाळी आत्याला घेऊन मेट्रोपासून चिराबाजारापर्यंत हळूहळू गेलो. दसऱ्याला अचानक द्यायचं ठरलं होतं, ते राहिलं.

४१ पैकी २६ तिनं ओळखले. मी पाटी बघत होतो, ती पायऱ्या बघत होती. छत्रीवाल्याच्या तीन पायऱ्यांतली मधली फुटकी आहे, तिथं ती पहिलीत पडली होती. दुकान गेलं, आता मोबाइलची कव्हरं मिळतात, पण पायऱ्या त्याच आहेत. मधलीवर सिमेंट लावलंय. तिनं टॅक्सीतून उतरून हात लावून पाहिला.

फोटो ९ कयानी नाही, बस्तानीही नाही. चिराबाजाराकडचा एक इराणी, जागेवर आता सात मजली इमारत आहे. आजोबा ड्यूटी संपल्यावर तिथं बसून उरलेली पत्रं लावायचे. नाव विचारलं तर आत्या म्हणाली, "नाव कोण घेतंय? कोपऱ्यावरचा म्हणायचो." खिशात पेनवाला माणूस तिथला गल्लेवाला. आत्याला बरणीतली एक गोळी जास्त द्यायचा.

फोटोखाली 'कोपऱ्यावरचा इराणी, चिराबाजार' असं लिहितोय.

पाटीवाचक
तसंच लिहा, पण डिरेक्टरीत पत्त्यावरून नावही मिळेल. शनिवारी मी एशियाटिकला जाणारच आहे. इमारतीचा आत्ताचा नंबर व्यनि (खासगी निरोप) करा.

मेट्रोसमोर
बाकीचे १५ इथे टाका. त्यात कयानी नक्की असणार.