पहिली खुर्चीत बसली, दुसरीचं काय?

पायवाट

राजकारणात किंवा उद्योगात ‘पहिली’ ठरलेल्या स्त्रियांकडून नेतृत्वाचे धडे, अशा याद्या मार्च उजाडला की सगळीकडे दिसू लागतात. संयम, सहानुभूती, सगळ्यांना सोबत घेणं. वाचताना वाटतं, लिहिणाऱ्याने मार्गारेट थॅचर हे नाव तरी ऐकलंय का? स्वभावाच्या गुणांवरून धडे काढायला गेलं की कुठल्याही दोन ‘पहिल्या’ एकमेकींशी जुळत नाहीत.

माझी कसोटी वेगळी आहे. पहिली आत गेल्यावर दार उघडं राहिलं की तिच्यामागे लोटलं गेलं? थॅचर १९७९ ते १९९० अशी साडेअकरा वर्षं ब्रिटनच्या पंतप्रधान होत्या. एवढ्या काळात मंत्रिमंडळात त्यांच्याशिवाय एकच बाई होती, बॅरोनेस यंग. त्याही जेमतेम दोन वर्षं, आणि लोकांतून निवडून आलेल्या नव्हेत, हाउस ऑफ लॉर्ड्समधल्या. ब्रिटनला दुसरी स्त्री पंतप्रधान मिळायला २०१६ उजाडलं.

उलट नॉर्वेत ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांनी १९८६ मध्ये सरकार बनवलं तेव्हा १८ जणांत ८ स्त्रिया होत्या. त्या आकड्याच्या फार खाली जायची हिंमत पुढच्या सरकारांनी केली नाही. उद्योगात झेरॉक्सच्या ॲन मुल्काही बघा. २००९ मध्ये त्यांनी मुख्याधिकारीपद अर्सुला बर्न्स यांच्याकडे सोपवलं. फॉर्च्यून ५०० म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या पाचशे कंपन्यांत हे पद एका स्त्रीकडून दुसरीकडे जाण्याची ती पहिली वेळ. बर्न्स त्याच कंपनीत १९८० मध्ये उन्हाळी प्रशिक्षणार्थी म्हणून लागल्या होत्या.

धडे घ्यायचे तर या दोघींकडून घ्या. थॅचरबाईंकडून निवडणुका कशा जिंकाव्यात ते शिका, तेवढंच.

हिशेबनीस

साफ असहमत. हा जादा पेपर बायकांनाच का? चर्चिल यांनी किती जणांना पुढे आणलं म्हणून त्यांचे मार्क कुणी कापले? देशही चालवा, पक्षही सांभाळा आणि वर समस्त स्त्रीजातीची सोयही लावा. एखाद्या पुरुषाने नुसता देश नीट चालवला तरी त्याचे पुतळे उभे राहतात.

मुल्काहींचं उदाहरण तुम्ही घेतलंत, पण त्यातला चुकीचा भाग उचललात. २००० च्या ऑक्टोबरमध्ये, अध्यक्षपदी नव्या असताना, त्यांनी शेअर बाजारातल्या विश्लेषकांना उघड सांगितलं की आमचं व्यवसायाचं गणित असं फार काळ टिकणार नाही. दुसऱ्या दिवशी शेअर २६ टक्क्यांनी कोसळला. कंपनीच्या डोक्यावर अब्जावधी डॉलरचं कर्ज होतं, दिवाळखोरीचा अर्ज करा असा सल्ला मिळत होता, आणि बाई मूळच्या विक्री विभागातल्या. मग त्यांनी कंपनीच्या वित्त विभागातल्या, हुद्द्याने बऱ्याच खालच्या माणसाकडे ताळेबंद वाचायची शिकवणी लावली. कंपनीची सूत्रं हातात असलेल्या माणसाने हाताखालच्याला ‘मला हे येत नाही, शिकव’ म्हणणं, हा धडा. दिवाळखोरी टाळली, पण जवळजवळ एक तृतीयांश नोकऱ्याही गेल्या. त्यामुळे सहानुभूतीच्या यादीत त्या बसत नाहीत, याबाबत तुमच्याशी सहमत.

आणि बर्न्स यांना पद मिळालं ते त्यांच्या कामावर. ‘पहिलीने दुसरीला वाट करून दिली’ म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

सांजवारा

तुम्ही दोघंही निकाल बघताय. पेपर काय होता ते बघाल का?

मिशेल रायन आणि अलेक्स हॅसलम या एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये ‘ग्लास क्लिफ’, म्हणजे काचेचा कडा, ही कल्पना मांडली. बाईला खुर्ची मिळते ती बऱ्याचदा सगळं गडगडायच्या बेतात असताना. कॅनडात १९९३ च्या जूनमध्ये किम कॅम्पबेल पहिल्या स्त्री पंतप्रधान झाल्या. आधीच्या पंतप्रधानांवर लोक खार खाऊन होते आणि निवडणूक तोंडावर होती. ऑक्टोबरमध्ये मतदान झालं आणि बहुमतातला पक्ष २ जागांवर आला. दोन! मग नाव कुणाचं लागलं? कॅनडाला अजूनही दुसरी स्त्री पंतप्रधान मिळालेली नाही. पायवाट यांच्या कसोटीने कॅम्पबेल नापास. चार-पाच महिन्यांत त्यांनी कुठलं दार उघडायचं होतं?

ठोकताळा

ही ग्लास क्लिफ म्हणजे हुकमी पत्ता झालाय. यश आलं की नेतृत्वगुण, अपयश आलं की कडा! २०२२ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान लिझ ट्रस यांनी पैशाची सोय न दाखवता करकपातीचा अर्थसंकल्प मांडला आणि पन्नासएक दिवसांत घरी गेल्या. तो कडा त्यांनी स्वतः खणला. अपयशाची जबाबदारी पूर्ण घेता येणं हीसुद्धा समानताच आहे की.

निरभ्र

जबाबदारीचा विषय निघालाच आहे तर जनरल मोटर्सच्या मेरी बारा. जानेवारी २०१४ मध्ये मोठ्या मोटार कंपनीच्या पहिल्या स्त्री प्रमुख झाल्या आणि काही आठवड्यांत इग्निशन स्विचचं प्रकरण फुटलं. किल्ली धक्क्याने किंवा जुडग्याच्या वजनाने ‘चालू’वरून सरकायची, इंजिन बंद पडायचं, आणि अपघात झाला तर एअरबॅग उघडायची नाही. कंपनीनेच नेमलेल्या भरपाई निधीने शेवटी १२४ मृत्यू मान्य केले. कहर म्हणजे हा भाग २००६ मध्ये गुपचूप सुधारला गेला होता, पण त्याचा पार्ट नंबर तोच ठेवला. त्यामुळे जुन्या आणि नव्या गाड्यांत फरक काय, हे शोधणाऱ्यांना वर्षानुवर्षं कळेना.

चौकशी अहवालात दोन गमतीशीर नावं आली, ‘जीएम नॉड’ आणि ‘जीएम सॅल्यूट’. पहिलं म्हणजे बैठकीत सगळ्यांनी योजनेला मान डोलवायची आणि बाहेर पडल्यावर कुणीच काही करायचं नाही. दुसरं म्हणजे हाताची घडी घालून बोटं दुसऱ्याकडे दाखवायची. (आपल्यापैकी किती जणांना आपलं ऑफिस आठवलं?) बारा यांनी १५ जणांना काढलं, तो अहवाल कर्मचाऱ्यांसमोर ठेवला आणि सांगितलं की हे प्रकरण मला मागे टाकायचं नाहीये. धोका दिसला तर थेट कळवा, अशी सोय कंपनीत सुरू केली. वाईट बातमी वरपर्यंत पोचली पाहिजे आणि आणणाऱ्याची मान शाबूत राहिली पाहिजे, हे मला त्यांच्याकडून शिकावंसं वाटतं. यात दुसऱ्या बाईचा संबंध कुठे आला?

ठोकताळा

बारा १९८० पासून त्याच कंपनीत होत्या. २०११ पासून तर गाड्यांच्या विकासाचं खातंच त्यांच्याकडे होतं. मान डोलावणाऱ्यांच्या बैठकांत त्या नव्हत्या का? अहवालाने त्यांना दोषमुक्त केलं, ठीक. पण खालचे १५ गेले आणि वरची माणसं राहिली, यालाही एखादं नाव हवं होतं.

पायवाट

हिशेबनीस, जादा पेपर आहे हे कबूलच. पण तो मी काढलेला नाही, परिस्थितीने काढलाय. पश्चिम बंगालमधल्या पंचायतींवरचा अभ्यास बघा. सरपंचपदाला तिथे प्रधान म्हणतात, आणि कुठल्या गावात ते पद स्त्रीसाठी राखीव राहणार हे आळीपाळीने ठरत असल्यामुळे तुलना चोख करता येते. पहिल्यांदा आलेल्या स्त्री प्रधानांना गावकरी काम बघून नव्हे, बाई बघून कमी गुण देत होते. दुसऱ्यांदा स्त्री प्रधान आली त्या गावांत ही अढी बरीच ओसरली, आणि पुढे आरक्षण नसलेल्या जागांवरही बायका जास्त संख्येने उभ्या राहून निवडून येऊ लागल्या. म्हणजे पहिलीला न्याय दुसरी आल्यावरच मिळतो. म्हणून दुसरीचं बघायचं.

खडूस

छान. मग पहिलीला श्रेय कशाला? तुमच्याच उदाहरणात दुसरी आली ती आरक्षणाच्या फेऱ्यामुळे. पहिल्या प्रधानबाईंनी देवळात बसून जप केला असता तरी ती आली असती. ते श्रेय ७३ व्या घटनादुरुस्तीचं.

नॉर्वेचंही तसंच. कंपन्यांच्या संचालक मंडळावर ४० टक्के स्त्रिया हव्यात, हा कायदा २००३ चा. तो रेटणारा व्यापारमंत्री हुजूर पक्षाचा, आणि पुरुष. आइसलँडमध्ये १९८० मध्ये विग्दिस फिनबोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष झाल्या, पण त्याच्या पाच वर्षं आधी, २४ ऑक्टोबर १९७५ ला, तिथल्या बहुतेक सगळ्या बायकांनी ऑफिसचं आणि घरचं काम बंद ठेवलं होतं आणि हजारो जणी रस्त्यावर उतरल्या होत्या. वाट पाडतात कायदे आणि गर्दी. खुर्चीतल्या बाईच्या गुणांचं आपण उगाच कौतुक करत बसतो.

सांजवारा

आणि पायवाट, तुमची कसोटी काटेकोर लावली तर पहिला नंबर कुणाचा येतो ठाऊक आहे? श्रीलंकेच्या सिरिमावो बंदरनायके. जुलै १९६० मध्ये जगातली पहिली स्त्री पंतप्रधान, पतीच्या हत्येनंतर वर्षभराच्या आत. आणि दुसरी? त्यांची मुलगी! १९९४ मध्ये मुलगी चंद्रिका आधी पंतप्रधान, मग राष्ट्राध्यक्ष, आणि तिच्या हाताखाली आई पुन्हा पंतप्रधान. वाट उघडी राहिली खरी, पण ती त्यांच्याच दिवाणखान्यातून जात होती.

एक वाचक

इतका वेळ सगळे एकाच खुर्चीभोवती फिरताय म्हणून लिहिते. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये ‘सेवा’ ही स्वयंरोजगार करणाऱ्या बायकांची कामगार संघटना नोंदवायला घेतली, तेव्हा कामगार खात्याने विचारलं, तुमचा मालक कोण? भाजी विकणारीला, घरी शिवणकाम करणारीला मालक नसतो, मग युनियन कुणाविरुद्ध? त्यांचं म्हणणं असं की संघटना कुणाविरुद्ध असावीच लागते असं नाही, ती आपसातल्या एकजुटीसाठीही असते. त्यावर नोंदणी मिळवली. दोन वर्षांत सभासद बायकांची सहकारी बँकही निघाली. सही येत नाही म्हणून खातं अडायला नको, तर पासबुकावर फोटो लावून ओळख पटवली. तिथे ‘दुसरी कोण’ हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण पहिल्या दिवसापासून त्या गर्दीनेच होत्या. खडूस, कायदा आणि गर्दी म्हणालात ना? कायद्याच्या कारकुनाशी भांडून गर्दीला आत नेणारं कुणीतरी लागतंच.

खडूस

हे मान्य. पण त्यांना कुणी ‘पहिली स्त्री सीईओ’ म्हणत नाही, हेही लक्षात घ्या.

हिशेबनीस

मूळ मुद्द्यावर येतो. पायवाट, जर्मनीच्या चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, असताना अँगेला मर्केल यांनी तुम्ही म्हणता तेच करून बघितलं. २०१८ मध्ये त्यांनी आनेग्रेट क्राम्प-कारेनबाउअर यांना पक्षाच्या सरचिटणीसपदी आणलं. डिसेंबरात त्या फ्रीडरिश मेर्त्स यांना थोडक्या मतांनी हरवून पक्षाध्यक्ष झाल्या, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये पद सोडत असल्याचं जाहीर करून मोकळ्या झाल्या. ज्या मेर्त्सना मर्केलनी २००२ मध्ये संसदीय पक्षाच्या नेतेपदावरून बाजूला सारलं होतं, तेच २०२५ मध्ये चॅन्सेलर झाले. दुसरी ठरवून आणता येत नसते.

पायवाट

मर्केलनी पक्षाचं अध्यक्षपद सोडलं, चॅन्सेलरपद २०२१ पर्यंत स्वतःकडे ठेवलं. हातात सत्ता नसलेली अध्यक्ष दीड-दोन वर्षांत भाजून निघणारच. मुल्काहींनी बर्न्सना २००७ मध्ये कंपनीचं अध्यक्षपद दिलं, दोन वर्षं बरोबरीने काम केलं, मग मुख्याधिकारीपद दिलं आणि वर्षभरात संचालक मंडळही सोडलं. फरक इथे आहे, आणि तो शिकण्यासारखा आहे.

ठोकताळा

आणि बर्न्स यांच्यानंतर? २०१६ च्या अखेरीस कंपनी दुभागली, दोन्ही तुकड्यांवर पुरुष बसले. तुमची वाट कुठवर गेली?

पायवाट

एका बाईपुरती. थॅचरबाईंच्या मानाने एकीने जास्तच.