गावच्या वॉट्सअॅप गटावरील विरोध ग्रामसभेत का उमटत नाही?

अंत्रुजवासी (फोंडा) यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या गावातील डोंगरउतारावरच्या जमिनीचा विभाग (झोन) बदलण्याची सूचना नगर व ग्रामनियोजन कायद्याच्या कलम 39अ खाली राजपत्रात प्रसिद्ध झाली आणि त्या दिवसापासून गावच्या वॉट्सअॅप गटावर दुसरा विषयच उरलेला नाही. राजपत्राच्या पानाचे मोबाईलवर काढलेले एक छायाचित्र सर्वत्र फिरत आहे. त्यातील सर्व्हे क्रमांक इतका पुसट आहे की शेवटचा आकडा 3 की 8, यावरून दोन वाड्यांत जुंपली. आमदारांवर टीका, त्यांच्या समर्थकांची प्रत्युत्तरे आणि कोकणीतील लांबलचक ध्वनिसंदेश मध्यरात्रीपर्यंत चालू असतात. रविवारच्या ग्रामसभेला मात्र नेहमीचीच मंडळी आली, आणि विषयपत्रिकेवर नसल्याने हा विषय पाच मिनिटांत गुंडाळला गेला. समाजमाध्यमांमुळे गावाचे राजकारण खरोखर जागे झाले आहे, की गटावर लिहिले म्हणजे आपले काम संपले, अशी समजूत बळावली आहे? हरकतींसाठीची 30 दिवसांची मुदत चालू असल्यामुळे जाणकारांचे मत हवे आहे.

साष्टीकर

समाजमाध्यमांना सरसकट दोष देणे मला पटत नाही. 2020 च्या टाळेबंदीत सभा घेणे अशक्य असताना मोले येथील अभयारण्यातून जाणारा दुपदरी रेल्वेमार्ग, महामार्गाचे चौपदरीकरण आणि 400 केव्ही वीजवाहिनी हे तीनही प्रकल्प घराघरांत चर्चेला आले, ते तरुणांनी इन्स्टाग्रामवर टाकलेल्या चित्रांमुळे आणि माहितीपर मजकुरामुळे. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरच्या रात्री चांदर येथे रेल्वेरुळांवर हजारो लोक जमले, त्यामागेही हीच जुळवाजुळव होती. तरीही रेल्वेमार्गाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मान्यता सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये रद्द केली ती याचिका, कागदपत्रे आणि न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीचा अहवाल यांच्या आधारे. इन्स्टाग्रामने लोक गोळा केले, परंतु फाईल कोणीतरी चिकाटीने तयार केली होती. आपल्या गटात ती फाईल कोणाकडे आहे, हे आधी विचारा.

निवृत्त शिक्षक, डिचोली

गोव्यात माध्यमांनी राजकारण ढवळून काढणे नवे नाही. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलापूर्वी गोव्याच्या महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या बाजूने ‘गोमन्तक’ आणि विरोधात ‘राष्ट्रमत’ अशी दोन मराठी दैनिकांची जी झुंज झाली, तीत भाषा काही सोवळी नव्हती. कौल 34,021 मतांच्या फरकाने संघप्रदेशाच्या बाजूने लागला. परंतु त्या लेखनाला संपादक होता, छापखान्याचा पत्ता होता, आणि पटले नाही तर दुसऱ्या दिवशी विरोधी पत्रात उत्तर छापून येत असे. आजच्या ध्वनिसंदेशाला बाप नाही. फार वेळा पुढे पाठविलेल्या निरोपावर दोन बाणांची खूण दिसते आणि एप्रिल 2020 पासून असा निरोप एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येतो, पण तो मुळात कोणी रचला हे त्या बाणांवरून कळत नाही. (माझे काही माजी विद्यार्थी आज असे निरोप रचण्याचे काम पगारावर करतात, आणि शुद्धलेखन अजूनही तसेच आहे.)

तिसवाडीकर

हा पगारी भाग जाणकारांच्या नजरेतून सुटू नये. 2022 च्या विधानसभा निवडणुकीत सांत आंद्रे मतदारसंघाचा निकाल अवघ्या 76 मतांनी लागला, आणि जिंकलेला पक्ष समाजमाध्यमांवरील प्रचारातूनच पुढे आला होता. वॉट्सअॅपच्या एका गटाची मर्यादा तेव्हा 256 होती; म्हणजे एकच भरलेला गट त्या फरकाच्या तिपटीहून मोठा. आपले मतदारसंघ सुमारे तीस हजार मतदारांचे असल्यामुळे गावगटात कोण कशावर चिडतो, ही माहिती उमेदवाराला मोठ्या राज्यांतील जाहिरातींपेक्षा अधिक उपयोगाची ठरते. राजकीय पक्षांच्या आंतरजालावरील जाहिरातींना निवडणूक आयोगाकडून पूर्वप्रमाणन लागते, मात्र स्वतःच्या खात्यावर टाकलेला मजकूर जाहिरात मानला जात नाही. त्यामुळे गटावर शांतपणे सर्व वाचत राहणारे जे दोन-तीन क्रमांक असतात, त्यांना आपली भांडणे म्हणजे फुकटचे सर्वेक्षण आहे.

माजी पंच, सत्तरी

चर्चा उद्बोधक आहे, पण मुदत वाहून चालली आहे. गटावरील चारशे संदेश नगरनियोजन खात्याच्या दृष्टीने शून्य आहेत. नाव, पत्ता, सर्व्हे क्रमांक आणि सही असलेली एक हरकत नोंदवहीत चढते. पुसट छायाचित्र सोडा, शासकीय मुद्रणालयाच्या संकेतस्थळावरून मूळ राजपत्र उतरवून घ्या. हरकत दोन प्रतींत नेऊन दुसरीवर आवक शिक्का घ्या आणि त्या शिक्क्याचे छायाचित्र गटावर टाका. एकाने टाकले की शेजारच्या वाड्यालाही जाग येते, हा माझा अनुभव आहे. खास ग्रामसभेची लेखी मागणीही सरपंचांकडे आजच द्या, म्हणजे विषयपत्रिकेची सबब उरणार नाही.

अंत्रुजवासी

सर्वांचे आभार. मूळ राजपत्र मिळाले. आकडा 8 निघाला, म्हणजे जमीन वरच्या वाड्याची आहे आणि इतके दिवस खालचा वाडाच भांडत होता. हरकतीचा मसुदा आज रात्री गटावर टाकतो. सह्या मात्र घरोघरी जाऊनच घेणार आहोत.