कर्नलच्या नंबरात वर्ष टाकावं का?

वणीकर
लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा हार्डवेअर चालवणारा गाभा, 3.19 नंतर 4.0 झालं, 4.20 नंतर 5.0, 5.19 नंतर 6.0. दरवेळी कारण एकच: मधला आकडा (तीन आकड्यांतला दुसरा, 3.19 मधला 19) विसाच्या घरात गेला. आत काही उलटंपालटं झालेलं नसतं. पण जिल्हा परिषद शाळेतले संगणक सांभाळणारे गुरुजी 5 चं 6 दिसलं की घाबरून अपडेट थांबवतात. त्यापेक्षा उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या 22.04 (2022 चा एप्रिल) सारखं वर्ष-महिना लिहा. निदान वय कळेल.

धारणी_लॅब
भाऊ, वयच तर चुकीचं कळेल. 5.15 आलं ऑक्टोबर 2021 ला, पण ती दीर्घकालीन शाखा, दुरुस्त्या वर्षानुवर्षं येत गेल्या. 5.16 जानेवारी 2022 चं, अन् एप्रिलमध्येच बंद. वर्ष बघून गुरुजी नेमकं चुकीचं ठेवतील.

बघायचा तो मधला आकडा. तालुक्याच्या बाजारातला स्वस्त यूएसबी वायफाय डोंगल घ्या, चिप आरटीएल 8821सीयू. कर्नलमध्ये त्याचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कोड) 6.2 पासून आहे, डेबियन 12 या लिनक्स प्रणालीत कर्नल 6.1. तिसरा आकडा शंभरापुढं गेला तरी डोंगल चालणार नाही. तिथं दुरुस्त्या येतात, फार तर असलेल्या ड्रायव्हरला एखाद्या नव्या उपकरणाची ओळख. बॅकपोर्ट्समधून, म्हणजे जुन्या डेबियनसाठी नव्या आवृत्त्या ठेवतात त्या साठ्यातून, नवं कर्नलच घ्यावं लागतं.

अचलपूरकर
घोळ कर्नलचा नंबर दाखवणाऱ्या युनेम -आर या कमांडमध्ये आहे. डेबियन 12 तिथं समजा 6.1.0-18-एएमडी64 दाखवतं. तो शून्य कायम शून्यच, 18 डेबियनचा स्वतःचा. खरा आकडा युनेम -व्ही मध्ये: 6.1.76-1. वर्ष टाकूनही हे झाकलेलंच राहील.

वणीकर
मान्य. पण 2.4 पक्कं, 2.5 कच्चं, हा सम-विषमचा नियम होता तेव्हा आकडा बघूनच समजायचं. तो काहून सोडला?

धारणी_लॅब
कारण 2.4 जानेवारी 2001 चं अन् 2.6 डिसेंबर 2003 चं. नव्या हार्डवेअरनं तोवर ताटकळायचं? आता कच्च्याला आरसी (रिलीज कँडिडेट, म्हणजे चाचणीची आवृत्ती) लागतं: दोन आठवडे नवा कोड, मग आरसी1 पासून साधारण आरसी7 पर्यंत आठवड्याला एक. नऊ-दहा आठवड्यांत पक्कं. हे जास्त स्पष्ट आहे.

अचलपूरकर
काहीही ठरवा, स्क्रिप्टमध्ये आकडे मजकूर म्हणून ताडू नका. तसं केलं तर 5.10 हे 5.9 पेक्षा जुनं ठरतं. सॉर्ट या क्रम लावणाऱ्या कमांडला मोठा व्ही (-V) द्या. अन् अपडेट चालू असताना लाइन गेली तर नवं कर्नल अर्धवट राहतं. आधीचं एक बूट फोल्डरमध्ये असलं, तर ग्रब या मशीन सुरू होतानाच्या मेनूच्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून मशीन सुरू होतं. ते काढू नका.