उसात हे कसलं गवत आलंय? टू फोर डी तणनाशक मारलं तरी परत फुटतंय

सरीवरंबा:
राम राम मंडळी. वाळवा तालुक्यात एक एकर आडसाली (पावसाळ्यात लावलेला) ऊस आहे, ८६०३२ जातीचा, साडेचार फुटी सरी, लागण होऊन ४५ दिवस झालेत. उगवण एक नंबर आहे पण खालच्या अंगाला १० एक गुंठ्यात हे गवत नुसतं गालिचा अंथरल्यागत आलंय. लागणीनंतर लगेच मेट्रिब्युझिन तणनाशक मारलेलं, बाकीचं तण दबलं पण ह्याच्यावर काडीचा फरक नाही. मग दुकानदाराच्या सांगण्यावरून टू फोर डी मारलं, पाच-सहा दिवसात शेंडे करपले, मी खूष, आणि आता बघतोय तर परत हिरवंगार, ते पण आधीपेक्षा दाट. मधी एकदा बायका लावून खुरप्यानं भांगलण पण केली, आठवड्यात परत बोटभर वर. आई म्हणते हराळी, दुकानदार म्हणतो साधं गवत, शेजारचे तात्या म्हणतात लव्हाळा. फोटो टाकलाय. नक्की काय आहे आणि ह्याला मारायचं काय?

बांधावरचा:
हराळीच आहे ती. ग्लायफोसेट मारा, विषय संपला.

माळरान:
@बांधावरचा अहो उभ्या उसात ग्लायफोसेट?? ते कुठलंच गवत सोडत नाही, आणि ऊस पण गवताच्याच खानदानातला आहे, विषय उसाचाच संपंल की.

जुना_ऊसकरी:
फोटो लांबनं काढलाय त्यामुळं छातीठोक सांगत नाही, पण दादा तुम्ही स्वतःच दोन मिनिटात ओळखू शकता. एक काडी बुडातनं तोडा आणि दोन बोटांत धरून फिरवा. हराळी असली तर काडी गोल, सरकन फिरते. लव्हाळा असला तर काडी तीनधारी असते, बोटाला कडा लागतात, अडखळत फिरते. आणि हराळी म्हणजे गणपतीला वाहतो ती दुर्वाच, जमिनीवर पसरत जाते आणि पेरापेराला मुळ्या सोडते. लव्हाळा पसरत नाही, सरळ वर येतो, पानं चकचकीत, मधी शिर दबलेली, तुरा तांबूस-काळपट.
तरी शंका असली तर खुरप्यानं अलगद उकरा, उपटू नका. खाली काळ्या गाठी निघतील, एकीला एक दोऱ्यानं जोडलेल्या. गाठ नखानं मोडून वास घ्या, दिवाळीच्या उटण्याचा वास आला तर लव्हाळा, कारण उटण्यातला नागरमोथा म्हणजे हीच गाठ.

सरीवरंबा:
आत्ताच रानातनं येतोय. काडी तीनधारी!! आणि वीतभर उकरलं तर एका माळेत सात गाठी निघाल्या, सर्वात खालची कोंब सुटलेली. वास घेतला, आईला दिला, म्हणाली हा तर उटण्याचा वास हाय की रं. तात्या जिंकले. आता उपाय सांगा.

जुना_ऊसकरी:
मग तुमच्या भांगलणीचं कोडं पण सुटलं. माळ अखंड असते तोवर शेंड्याची गाठ फुटते आणि मागच्या बऱ्याचशा झोपलेल्या राहतात. खुरप्यानं माळ तुटली की त्या सुट्या झालेल्या गाठी पण जाग्या होतात, म्हणजे एकाच्या जागी चार. टू फोर डी वरची पानं जाळतं, गाठीपर्यंत पुरेसं पोचत नाही. मेट्रिब्युझिन बियातनं उगवणाऱ्या तणाचं औषध, हा तर बियातनं येतच नाही म्हटलं तरी चालंल, सगळा कारभार गाठीवर.
उसात ह्याला हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल ७५ टक्के हे तणनाशक. एकरी ३६ ग्रॅम. तुमचे १० गुंठे म्हणजे ९ ग्रॅम, १५ लिटरच्या तीन पंपात भागवा, म्हणजे पंपाला ३ ग्रॅम, सोबत चांगलं स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं). अख्ख्या एकरावर मारायची गरजच नाही. लव्हाळा चार-पाच पानांवर असताना, रानात वल असताना मारा. आणि महत्त्वाचं, मारल्यावर आठ दिवस काहीच झालं नाही असं वाटंल, त्या रागात परत भांगलायला जाऊ नका. औषध पानातनं गाठीत उतरायला वेळ लागतो, पान कापलं तर उतरणार कुठनं? पहिल्यांदा पिवळा पडंल, मग दोन-तीन आठवड्यात वाळंल. महिन्याभरात काही गाठी परत फुटतील, तेव्हा दुसरा हात (दुसरी फवारणी) त्या ठिकाणापुरताच.
सरीत भुईमूग-सोयाबीन असं आंतरपीक असलं तर मात्र ह्या औषधाला हात लावू नका.

रानवाट_ताई:
दादा पंपाचं पण बघा. आमच्याकडं गेल्या वर्षी टू फोर डी मारलेला पंप नुसता पाण्यानं विसळून त्याच पंपानं टोमॅटोवर करप्याचं औषध मारलं. चौथ्या दिवशी शेंड्याची पानं दोऱ्यासारखी बारीक, पिळलेली, आम्हाला वाटलं व्हायरस आला, निम्मी झाडं उपटून टाकली मग कळलं. आता तणनाशकाला वेगळा पंप, लाल दोरी बांधलेला. वेगळा नसला तर धुण्याच्या सोड्याचं पाणी रात्रभर ठेवून दोन-तीनदा धुवा, नळी आणि नोझल पण. बाजूला द्राक्षबाग असली तर वाऱ्याचं टू फोर डी मारूच नका, शेजारधर्म मोडतो.

माळरान:
मूळ प्रश्न, खालच्याच अंगाला का आला? तिथं तळ्याचा गाळ किंवा बाहेरचं शेणखत टाकलेलं का? नाहीतर भाड्याचा रोटाव्हेटर? पात्यांच्या मातीतनं गाठी गावभर फिरतात. आमच्यात एका रानातला दुसऱ्या रानात असाच आला. खोडवा (तोडणीनंतर बुडातनं परत फुटलेला ऊस) गेल्यावर एप्रिल-मे मध्ये नांगरून ढेकळं तशीच तापू द्या, गाठी उघड्यावर उन्हात पडल्या की सुकून मरतात. वल असताना रोटर फिरवला तर मात्र लागण केल्यासारखंच.

बांधावरचा:
उन्हाळ्यात नांगरून पण आमच्याकडं आलाय, त्याचं काय?

माळरान:
@बांधावरचा खोल गाठी राहतात ओ, एका उन्हाळ्यात नाही जात. पण निम्म्यानं कमी होतो हे आमच्या रानात बघितलंय. आणि त्याला सावली सोसत नाही, मोठी बांधणी (उसाला मातीची भर) होऊन ऊस दाटला की आपोआप दबतो. म्हणून दगा पहिल्या तीन-चार महिन्यांतच.

सरीवरंबा:
बरोबर पकडलं, दोन वर्षाखाली तिथं तळ्याचा गाळ टाकला होता, चार ट्रॉली. फुकटचा म्हणून. उद्या सकाळी वारा नसला तर औषध मारतो, पंप आजच सोड्यात भिजत घातलाय. एकच राहिलं, आईनं त्या सात गाठी धुऊन उन्हात ठेवल्यात, दिवाळीला उटण्यात घालायच्या म्हणती, चालतंय का 😄

रानवाट_ताई:
चालतंय, पण वाळवून कुटून ठेवायला सांगा, चुकून परसात टाकल्या तर पुढच्या वर्षी परत फोटो टाकाल.

सरीवरंबा:
२२ दिवसांनी अपडेट: पहिले दहा दिवस जीव खालवर, हात शिवशिवत होते खुरपं घ्यायला. आता पानं पिवळी होऊन बुडातनं वाळलीत. उकरून बघितलं, वरच्या तीन गाठी दाबल्या की पिचकतायत, खालच्या दोन अजून टणक आहेत. दुसरा हात कधी मारू?

जुना_ऊसकरी:
त्या टणक फुटून परत चार पानांवर येऊ देत, तोवर थांबा.