तो जुना चिनी विचारवंत कन्फ्यूशियस म्हणजे नुसतं 'मोठ्यांचं ऐका' एवढंच ना?

उनाडपाखरू: मला तरी असंच वाटतं. बापाचं ऐका, राजाचं ऐका, आईबाप गेले की तीन वर्षं सुतक पाळा. त्यापेक्षा निसर्गाच्या ओघाने चाला म्हणणारे ताओवाले परवडले. त्यांच्यातल्या च्वांगत्झूची बायको गेली म्हणून मित्र भेटायला गेला तर हा पठ्ठ्या पाय पसरून भांडं बडवत गाणं म्हणत बसलेला! म्हणे आधी मलाही वाईट वाटलं, पण ऋतू बदलतात तसंच हे.

चहाबाज: ओ, पण कुठला कन्फ्यूशियस? त्याच्या मागून आलेल्या त्याच्याच पंथाच्या लोकांचं एकमत कुठेय? मेन्शियस म्हणतो माणूस मुळात चांगला, विहिरीत पडायला आलेलं पोर दिसलं की कोणाच्याही पोटात धस्स होतंच. शुन्झी म्हणतो छे, वाकडं लाकूड वाफ देऊन सरळ करतात तसं माणसाला करावं लागतं. आणि 'राजाचं ऐका' म्हणाल तर मेन्शियस जुलमी राजाला राजा मानायलाच तयार नाही, त्याला मारलं तर म्हणे एक गुंड मारला.

उनाडपाखरू: पुस्तकात ठीक आहे हो. प्रत्यक्षात काय, १३१३ पासून १९०५ पर्यंत चीनमधल्या सरकारी परीक्षेला झू शी या कन्फ्यूशियसवाल्या पंडिताने जुन्या ग्रंथांवर लिहिलेलं भाष्य घोका, झालं.

चहाबाज: त्यालाही आतूनच विरोध झाला ना. झू शी म्हणतो वस्तूंचा शोध घ्या, त्यातलं तत्त्व कळेल, म्हणून वांग यांगमिंग हा नंतरचा कन्फ्यूशियसवाला सात दिवस बांबूकडे टक लावून बसला, हाती काय लागलं तर आजारपण :) मग म्हणाला तत्त्व बाहेर नाही, मनातच आहे.

मधलीसुट्टी: मनातच आहे हे बौद्धांचं नाही वाटत? झू शी स्वतः तरुणपणी बौद्धांच्या ध्यानपंथाच्या नादी होता. त्याआधी ८१९ मध्ये हान यू या कन्फ्यूशियसवाल्या अधिकाऱ्याने बुद्धाच्या बोटाचं हाड राजवाड्यात आणू नका म्हणून सम्राटाला खरमरीत अर्ज लिहिला, जीव वाचला पण बदली थेट दक्षिणेच्या टोकाला. पुढे याच कन्फ्यूशियसवाल्यांनी बौद्धांना नावं ठेवत ठेवत त्यांचंच बरंच काही उचललं.

चहाबाज: उचललं हे मान्य, पण घरदार सोडणं नाही उचललं, भांडण तिथेच होतं. आणि त्या तीन वर्षांच्या सुतकाचं, कन्फ्यूशियसला त्झाय वो नावाच्या चेल्याने विचारलं एक वर्ष पुरे नाही का, तर गुरुजी म्हणाले, भात खाऊन भारी कपडे घालून तुला बरं वाटेल? वाटत असेल तर कर बाबा. जबरदस्ती कुठेय?

उनाडपाखरू: पुढचं सांगा की! तो बाहेर गेल्यावर म्हणाले याला माया नाही, आईबापांनी तीन वर्षं कडेवर घेतलं ते विसरला. म्हणजे तोंडावर 'कर बाबा' आणि पाठ वळली की सुरू. हे तर थेट आमच्या आत्याचं.


चहाबाज: आत्या बरोबरच असणार :)