विषय: परभणीच्या घरातला लाल कोबा सपाट करायचाय

प्रेषक: परभणीकर, मुक्काम जर्मनी

नमस्कार मंडळी,

आमचं घर १९८४ सालचं. आई आता वॉकर घेऊन चालते आणि बैठकीच्या लाल कोब्याला मधोमध असा खोलगटपणा आलाय की पुसल्यावर तिथं पाणी साचतं. कोबा फोडून टाइल्स घालायच्या तर पंधरा दिवसांचा राडा, तो तिला झेपायचा नाही. इथं मी तळघरात सेल्फ-लेव्हलिंग कंपाऊंड (पाण्यात कालवून ओतलं की आपोआप सपाट पसरून घट्ट होणारं सिमेंटचं मिश्रण) ओतलं होतं, ओतायचं काम अर्ध्या दिवसात उरकलं. तेच तिकडं करावं म्हणतोय. मे महिन्यात तीन आठवडे गावी आहे. मिस्त्री म्हणतो, "मालक, सिमेंटचं पाणी मारतो अन् ओतून टाकतो, काही होत नसतंय." कुणी केलंय का?

प्रेषक: नांदेडकर, मुक्काम आखात

भाऊ, आधी मिस्त्रीला थांबवा. माझं पोट याच कामावर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

लाल कोबा घोटून गुळगुळीत केलेला असतो. त्यात चाळीस वर्षं त्यावरून काय काय फिरलंय देव जाणे. आमच्याकडं मुंग्या येऊ नयेत म्हणून बादलीत टोपणभर रॉकेल टाकून पुसायचे. तुमच्या आईंना विचाराच. रॉकेल, तेल, मेण मुरलेलं असलं की प्रायमर (कंपाऊंड ओतण्याआधी लावायचा चिकट थर) धरत नाही आणि वरचा थर पापडासारखा सुटतो. चार-पाच ठिकाणी पाण्याचा थेंब टाकून बघा. मुरून डाग गडद झाला तर ठीक. मण्यासारखा उभा राहिला तर ग्राइंडरला डायमंड कप लावून तो लाल थर खरवडायचा, खालची वाळू-खडी दिसेपर्यंत. ॲसिडनं धुवायच्या फंदात पडू नका, ते छिद्रांत राहतं. धूळ व्हॅक्यूमनं ओढा, झाडूनं ती उलट छिद्रांत बसते. त्या दोन दिवसांत आईंना कुणा नातेवाइकांकडं ठेवा, कितीही म्हटलं तरी धूळ उडणारच.

मग हातोडीच्या दांड्यानं सगळा कोबा ठोकत फिरा. बद्द आवाज आला तेवढा तुकडा पोकळ, तो काढून भरायचा. सिमेंटचं पाणी म्हणजे प्रायमर नव्हे, वाळलं की त्याची भुकटी होते. प्रायमर छिद्रं बंद करतो, त्यामुळं जुना कोबा कंपाऊंडमधलं पाणी शोषत नाही आणि खालची हवा बुडबुडे होऊन वर येत नाही.

कोब्याला तडा आहे का? असेल तर उन्हाळ्यात किती आणि पावसाळ्यात किती, ते कळवा.

प्रेषक: लातूरकर ताई

आमच्याकडं हे झालंय, म्हणून मध्ये बोलते. कंपाऊंड पाण्यासारखं धावतं. आमच्या माणसानं मोरीच्या दाराला पट्टी लावली नाही, निम्मं नाहाणीत गेलं आणि जाळीत घट्ट झालं! शिवाय लवकर पसरावं म्हणून त्यानं पाणी अंदाजानं वाढवलं. वरची साय आजही झाडताना पांढरी निघते. पोत्यावर जेवढं छापलंय तेवढंच, मापाच्या डब्यानं घाला.

प्रेषक: परभणीकर

तडा आहे, दारापासून देव्हाऱ्यापर्यंत. आई म्हणते, उन्हाळ्यात त्यात आठ आण्याचं नाणं उभं राहतं, श्रावणात नखसुद्धा जात नाही. रॉकेलचं विचारलं तर हसली. म्हणजे होतंच.

प्रेषक: नांदेडकर

मग मे विसरा. खाली काळी माती आहे, पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. तुमचा तडा तिच्याबरोबर श्वास घेतोय. मेलेला, म्हणजे आता न हलणारा, तडा इपॉक्सीनं (घट्ट होणाऱ्या रेझिननं) भरून वरून ओतता येतं. हलत्या तड्यावर ओतलं तर वर्षभरात त्याच रेषेवर फुटणार. तिथं कंपाऊंडमध्येही सांधा ठेवायचा आणि तो लवचिक सीलंटनं भरायचा. त्याआधी पन्हाळीचं पाणी जोत्याशी पडत असेल तर ते लांब काढा.

शिवाय मे महिना ओलीच्या बाबतीत फसवतो. तेव्हाच्या जुन्या घरांत कोब्याखाली बहुधा प्लास्टिक नसतं. दीड फूट चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटवून किमान १६ तास ठेवायचं, खाली दव किंवा गडद डाग दिसला तर ओल आहे. मेमध्ये ते कोरडं निघेल आणि तुम्ही खूश व्हाल. ही चाचणी भाद्रपदात करा. आणि ४२ अंशांत कंपाऊंड पसरण्याआधीच आवळायला लागतं. डिसेंबरात, सकाळी, पंखा बंद ठेवून, खिडक्यांना चादरी लावून ओता.

तोपर्यंत तड्याच्या दोन्ही बाजूंना खिळ्यानं एकेक टिंब करा आणि दोन्हींमधलं अंतर दर महिन्याला मोजा. तड्यावर काचेची पट्टी चिकटवण्याची पद्धतही आहे, तडा हलला की ती फुटते, पण घरात वॉकर आहे, नकोच.

प्रेषक: परभणीकर

तिकीट डिसेंबरचं केलं. मोजायचं काम आईनं स्वतःकडं घेतलंय. खाली वाकता येत नाही, म्हणून शेजारच्या पोराला पट्टी धरायला लावते आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते, दुधाच्या हिशेबाखाली. पहिला आकडा: ६३ मिलीमीटर.