घाटात असताना गाडीच्या स्क्रीनवर सूचना कधी याव्यात?

आरेवारे: पर्यटकांना फिरवण्यासाठी घेतलेल्या आमच्या नव्या गाडीत इंटरनेटला जोडलेली मोठी स्क्रीन आहे. गेल्या श्रावणात कोल्हापूरहून येताना आंबा घाटात नेटवर्क गेले आणि एका वळणावर ते परत येताच अडकून पडलेल्या सगळ्या सूचना एकापाठोपाठ आदळल्या: सर्व्हिसिंगची तारीख, पावसाचा इशारा, गिऱ्हाइकाचा मेसेज. धुक्यातून एसटी वर येत होती आणि माझे डोळे स्क्रीनवर होते. सगळ्याच सूचना बंद कराव्यात, तर दरड कोसळल्याचेही कळणार नाही. त्या आवाजात ऐकवल्या तर प्रश्न सुटेल का?

चिपळूणकर_पुण्यात: याच क्षेत्रात काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा प्रशासनाच्या 2013 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एका वेळी नजर 2 सेकंदांपेक्षा जास्त रस्त्यावरून हटू नये आणि एक काम एकूण 12 सेकंदांत उरकावे. ताशी 40 किलोमीटर वेगाने 2 सेकंदांत गाडी 22 मीटर पुढे जाते. घाटात तेवढ्यात वळण संपून दुसरे सुरू झालेले असते. स्टिअरिंग किती वळले आहे, ब्रेक दाबला आहे का, वायपर चालू आहे का, हे गाडीला ठाऊकच असते. त्यावरून चालकावरचा ताण जोखून फोन किंवा सूचना थोपवून धरता येते, आणि व्होल्वोने हे दोन दशकांपूर्वीच करून दाखवले आहे. तुमच्या प्रसंगातली खरी चूक मात्र वेगळी वाटते. थोपवलेल्या प्रत्येक सूचनेला मुदत हवी, आणि ती उलटली की सूचना गुपचूप रद्द व्हायला हवी. दरडीची बातमी तर आंबा गावातच मिळायला हवी, जिथे गाडी वळवता येते.

निवृत्त_लालडबा: वायपरवर विसंबलात, तर जून ते सप्टेंबर कोकणात एकही सूचना पोहोचणार नाही! आवाजाचे म्हणाल, तर शेजारी बसलेला माणूस अवघड वळण दिसताच आपणहून गप्प होतो. यंत्र मात्र बोलतच राहते. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे असलेल्या रस्त्यावर समोरच्या गाडीला बाजू देताना कान तिच्या हॉर्नकडे असावे लागतात.

चिपळूणकर_पुण्यात: वायपरचा मुद्दा मान्य आहे. एकट्या खुणेवरून निर्णय घेऊ नये. स्टिअरिंग, वेग आणि ब्रेक यांचा एकत्रित विचार करावा. आवाजामुळे नजर वाचते, पण मन गुंततेच, आणि उत्तर द्यावे लागले तर अधिकच.

आरेवारे: आभारी आहे. गिऱ्हाइकांचे मेसेज गाडी चालू असताना बंद केले आहेत. ते आता आंब्याला चहासाठी थांबल्यावर पाहतो. टायरमधील हवा कमी झाल्याचा इशाराही थोपवावा का?

चिपळूणकर_पुण्यात: तो थोपवू नका, पण त्यासाठी मीटरमधला पिवळा दिवा पुरेसा आहे, स्क्रीन भरून टाकणारी चौकट मेनूमधून बंद करता येत असेल तर करा.